भैय्याजींच्या डेअरीतला चौथा पोर्ट

...आणि वरून मलाच विचारतो, "चार सिरियल पोर्ट कशाले पाह्यजे बे तुले? चार सासू आहेत काय?" अरे, दुकानदार आहेस ना तू? असेल तर काढ, नसेल तर नाही म्हण! पण नाही. नागपूरच्या महाल भागातली ती गल्ली, समोर दोन स्कूट्या एकमेकींत अडकलेल्या, आणि हा अनंत आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझी मुलाखत घेतो. "शिकला किती?" "नववी." "पास?" मी मान आडवी हलवली. "मंग टॉर्च बनव ना भाऊ! सेल टाकला, बटन दाबलं, उजेड!" झालं, गल्ली हसली. स्कूटीवाले भांडण थांबवून हसले हो!

तुम्हाला सांगतो, मला त्या चार पोर्टांच्या बोर्डाची हौस नव्हती. लोक देवाकडे बंगला मागतात, गाडी मागतात. मला गप्प राहायचं होतं. बस्स, एवढंच!

कारण माझं काम पुकारायचं. नागपूरजवळ बेसा इथं भैय्याजींची दूध डेअरी आहे. सकाळी लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहतात, दूध काट्यावर चढतं, नमुना फॅट मशीनमध्ये जातो, आणि दोन्हीचे आकडे वाचून मी ओरडायचं, "सिंधूताई, लिटर दहा, फॅट सहा!" मग भैय्याजींची पुतणी सोनिका चिठ्ठी लिहिते. मशीनचं तोंड भैय्याजींनी भिंतीकडे फिरवून ठेवलंय, तिथं दुसऱ्या कोणी डोकावायचं नाही. आणि फॅट सहा पॉइंट आठ आली तरी पुकारायची सहाच. मी एकदा विचारलं, पॉइंटच्या पुढचं कुठं जातं? तर म्हणाले, "तो फेस असते." कोणी कुरकुर केलीच की टेबलावर हात आपटून, "पुकारलं ते फायनल!"

आता माझा आवाज! चारचौघांत तोंड उघडलं की तो अर्ध्यातच फाटतो. 'फॅट' घशात आणि 'सहा' एकदम पत्र्यावर! सिंधूताई रांगेतून, "काहून गा भैय्याजी, आत बकरी बांधली काय?" की सगळी रांग बें बें करते. रोज! आणि भैय्याजी रांगेला गप्प करतील? छे! तेही करतात. बें बें करण्यात आमच्या डेअरीत लहानमोठा भेद नाही.

पण समोरच्या डेअरीनं लाल आकड्यांचा डिस्प्ले लावला आणि आमची निम्मी रांग रस्ता ओलांडून गेली, तेव्हा भैय्याजी हादरले. मी हळूच म्हटलं, भैय्याजी, काटा, फॅट मशीन, चिठ्ठीचा प्रिंटर आणि डिस्प्ले, चौघांना एकसारखाच सिरियल पोर्ट असतो, म्हणजे वायरीतून बोलायचं तोंड आणि ऐकायचा कान, चार पोर्टांचा एक बोर्ड मध्ये बसवला की चारही एकमेकांशी बोलतील, पुकारायची गरजच नाही... भैय्याजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू बनवशील? बनव. चाललं तर मागच्या खोलीत मशीन सांभाळ, तोंड उघडायचं काम नाही. पण स्वस्तातला पाह्य. आन् पॉइंटच्या पुढचा दिवा काढून टाकजो."

मागची खोली! तुम्हाला सांगतो, तिथं एक खिडकी आहे, एक पंखा आहे आणि एकही माणूस नाही!

म्हणून मी अनंतच्या दुकानात उभा. त्यानं पहिला बोर्ड काढला, बोटाएवढा. "एक पोर्ट आहे, बाकीचे तीन प्रोग्राम लिहून बनवून घे." अहो, ते नकली पोर्ट एका वेळी एकाचंच ऐकतात! काटा बोलत असताना फॅट मशीन बोललं की एकाचं वाया. आमच्या घरी हेच होतं, त्यासाठी बोर्ड कशाला विकत घ्यायचा? मग दुसरा काढला. याला टीव्ही लावा, इंटरनेट लावा, सगळे पोर्ट खरे! किंमत ऐकली आणि झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवतात तसा तो मी परत डब्यात ठेवला. अनंत ओरडला, "हात पुसून ठेव बे!" मग खालच्या खणातून धूळ झटकत निळा बोर्ड निघाला. पोर्ट किती? चार! स्वस्त? स्वस्त! मी विचारलं, काही खोट? "खोट बोर्डात कुठून येईल? नववी तू झाला का तो? चौथ्या पोर्टचा कान तेवढा कॉम्प्युटरच्या वायरले बांधला आहे, त्यात ऐकू नाही जात. तोंड मोकळं आहे."

मी विचार केला, डिस्प्लेचं कुठं काय ऐकायचंय? त्याला नुसते आकडे सांगायचे. ज्या पोर्टला नुसतं सांगायचंय त्याला कान कशाला? भैय्याजींना आहेत काय? डिस्प्ले चौथ्यावर! वा! मलाच माझा अभिमान वाटला हो, गल्लीत उभ्या उभ्या.

मनीषनगरच्या माझ्या खोलीवर मी रोज तपासलं. आधी बोर्डाला लाईन, म्हणजे वीज, द्यायची, मग एकेक वायर जोडायची, डिस्प्ले सगळ्यात शेवटी. रोज त्याच क्रमानं, पूजेसारखं! आणि रोज बरोबर! आता मला काय माहीत, की हा बोर्ड झोपेतून उठला की आधी आपलं नाव, गाव, जन्मसाल बडबडतो, आणि तेही नेमकं त्या चौथ्या तोंडातून? मी डिस्प्ले जोडेपर्यंत त्याचं बडबडून झालेलं असायचं!

मुहूर्ताला भैय्याजींनी नारळ फोडला. भिंतीवर पेंटरकडून लिहून घेतलं होतं, 'दिसलं ते फायनल!' पहिला कॅन आला, वजन आलं, लाल दिव्यात फॅट पाच, चिठ्ठी आपोआप बाहेर! रांग चिडीचूप. सोनिकानं पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि हसली... म्हणजे बें बें न करता हसली! मी तोंड मिटून उभा. अहाहा! असं वाटलं, आता मी जन्मभर बोलणार नाही.

दुसरा कॅन सिंधूताईंचा. दूध चढलं, नमुना गेला, आणि लाईन गेली. क्षणभरच! लगेच परत आली. बोर्ड झोपेतून उठला, आपली सगळी कुंडली ओकला, डिस्प्लेला त्यातले दोन आकडे समजले, आणि भिंतीवर लालभडक... फॅट ऐंशी!

सिंधूताईंनी पदर खोचला. "दिसलं ते फायनल!"

भैय्याजी किंचाळले, "ऐंशी? म्हैस आहे का लोन्याची कढई?"

"माही म्हैस, माही कढई! मागं म्या कुरकुर केली तवा काय म्हनले होते? भितीवर कोनं लिवलं हाय?" आणि रांग एका सुरात, "दिसलं ते फायनल! दिसलं ते फायनल!" मागचे लोक पुढं घुसले, ऐंशीवर असतानाच आमचंही मोजा म्हणे!

मला वाटलं, आता भैय्याजी बुडाले. पण तुम्हाला सांगतो, ते भैय्याजी आहेत! त्यांनी शांतपणे घाम पुसला आणि म्हणाले, "दिसलं. बरोबर दिसलं. पण पुकारलं कोनं? नाही पुकारलं ना? मंग फायनल कसं? दुर्गेश... पुकार गा!"

सगळी रांग माझ्याकडे वळली. सोनिकासुद्धा. फॅट मशीनवर सात पॉइंट दोन होतं. भैय्याजींनी माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. मी तोंड उघडलं आणि आवाज असा फाटला, असा फाटला, की समोरच्या डेअरीची रांग वळून बघायला लागली. "फॅट... सहा!"

कोणी हसलं नाही हो! बें बें केलं असतं तर बरं झालं असतं. सिंधूताई जवळ आल्या, शांतपणे म्हणाल्या, "पोरा, तुले बायको मुकी भेटो, घरीबी जन्मभर तूच पुकारत बस," आणि कॅन उचलून रस्ता ओलांडून गेल्या. सोनिकानं पेन उचललं.

मी भैय्याजींना म्हटलं, दुसरा बोर्ड घेऊ, चारही पोर्ट खरे असलेला. म्हणाले, "काहून? माणूस आहे ना आपल्याजवळ." डिस्प्लेवर पोतं टाकलं. भिंतीवरचं 'दिसलं' खोडून पेंटरनं वर 'पुकारलं' लिहिलं. मागच्या खोलीत आता म्हशींच्या ढेपेची पोती आहेत, पंख्याखाली.

आणि येणाऱ्याजाणाऱ्याला भैय्याजी छाती फुगवून सांगतात, "चार पोर्टचा बोर्ड एवढ्या स्वस्तात साऱ्या नागपुरात भेटनार नाही!" खरंय. तीन पोर्ट लाईनवर चालतात. चौथा चहावर पुकारतो.