आखणी कोणी करायची?

प्राची : थांबा शामराव, हा सल्ला झाला.

शामराव : सल्लो कसलो? 'बापाशीक घराकच कित्याक बसवत नाय,' असा विचारलंय मी. प्रश्नच मा ह्यो?

प्राची : सल्ल्याला शेपूट लावलं म्हणून तो प्रश्न होत नाही. आपण तिघे मूर्तिकार महिन्यातून एकदा बसतो ते कशाला? ज्याचं अडलंय त्याने सांगायचं, बाकीच्यांनी फक्त विचारायचं.

शामराव : तुझ्या जुन्या ऑफिसातली खुळां ही. पस्तीस वर्षां गणपती करतंय मी. तोंडार आलेला गिळायचा?

प्राची : गिळायचं. तुमच्या मूर्तींना तडे जात होते तेव्हा आम्ही सल्ला दिला होता?

शामराव : नाय. नुसता विचारून विचारून जीव खाल्लात.

प्राची : आणि तडे?

शामराव : थांबले. घाईघाईत पंख्याखाली सुकवत होतंय मी. बरा, चलांदे तुझा.

प्राची : हितेंद्र, तू बोल. नेमकं काय अडलंय?

हितेंद्र : अप्पांचा हात कापतोय, ताई. रंग, दागिने, सगळं आम्ही करतो, पण डोळ्यांची आखणी अप्पांचीच. यंदा बुबुळं वाकडी जातायत. ते उठले की मी पांढरा मारून पुन्हा आखतो. किती दिवस चालणार हे? आज संध्याकाळी सांगून टाकणार आहे, अप्पा, ब्रश ठेवा आता. फक्त कसं सांगू ते कळत नाहीये.

प्राची : सांगितलंस तर काय होईल?

हितेंद्र : खचतील. आई गेल्यापासून कारखाना हेच त्यांचं घर. तीच भीती वाटते मला.

शामराव : तुझी आखणी कशी असा?

हितेंद्र : झकास. खोटं कशाला बोलू? गिऱ्हाईकं खूश आहेत.

प्राची : शिकवली कोणी?

हितेंद्र : अप्पांनीच. दुसरं कोण शिकवणार?

शामराव : मग अप्पांक तुझी रेघ वळखूक येत नाय?

(हितेंद्र चहाचा ग्लास खाली ठेवतो.)

हितेंद्र : येत असणार. रस्त्याने टेम्पो गेला तरी आतली मूर्ती कोणाच्या हातची ते सांगतात.

प्राची : तुला काही बोलले?

हितेंद्र : एक शब्द नाही.

प्राची : तू हे करतोस कधी?

हितेंद्र : दुपारी. ते घरी जेवायला जातात तेव्हा.

शामराव : घराक? अरे, अप्पा मूर्तींच्या मधीच डबो उघडून बसायचे. घराक कधीपासून जातत?

हितेंद्र : यंदापासूनच. गुडघे धरलेत, तरी तीन जिने चढून जातात. मला वाटलं, वय झालं, पडावंसं वाटत असेल.

प्राची : जाताना काय म्हणतात?

हितेंद्र : म्हणतात, 'मी येतो तासाभराने. तू तुझं उरकून घे.'

शामराव : रोज?

हितेंद्र : रोज. आयला, काका. त्यांना सगळं माहीत आहे. माझ्यासाठी उठून जातायत ते.

प्राची : मग संध्याकाळी काय सांगणार आहेस?

हितेंद्र : सांगायला राहिलंय काय आता? उद्या त्यांच्या शेजारीच पाट टाकतो. त्यांच्यासमोर आखतो. जिने चढायचे बंद.

शामराव : शाबास. आणि आखताना तेंका...

प्राची : शामराव.

शामराव : गप रवतंय.

हितेंद्र : मीच विचारेन त्यांना. अप्पा, उजवं बुबुळ जरा वर घेऊ का?

प्राची : हे खरंच विचारणार, की त्यांचं मन राखायला?

हितेंद्र : खरंच. उजव्या डोळ्यात मी अजून चुकतो, ताई.