मार्सियानो, अली आणि आपला भोंगा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या राईस मिलचे मालक आदरणीय भैय्यालालजी, तुमसरच्या धान बाजारातून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे केशवराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले बॉयलरवाले मंगरूभाऊ, त्यांच्या शेजारी पदर सावरून बसलेल्या सुमनवहिनी, आणि धान वाळवायच्या या अंगणात दाटीवाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो,

मला मंगरूभाऊंच्या स्वभावाबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं आहे. आता त्यांच्या स्वभावावर चार शब्द कसे पुरतील? हट्टी हा एकच शब्द पुरे आहे. वहिनी हसल्या, म्हणजे मी खोटं बोलत नाही.

आपल्याकडे उसना, म्हणजे उकडा तांदूळ होतो, त्याला वाफ लागते. सकाळी भट्टी पेटवली की वाफेच्या दाबाचा काटा चढेपर्यंत कुणालाच काही काम नसतं. मी मिलचा दिवाणजी, तरी रोज त्या वेळात बॉयलरजवळ जाऊन बसायचो. आणि बारा वर्षं आम्ही दोघांनी तिथं एकच भांडण केलं. जगातला सगळ्यात मोठा हेवीवेट बॉक्सर कोण?

पाहुण्यांना नवल वाटेल. तुमसरात बॉक्सिंगची रिंग कुणी पाहिली आहे? आम्हीही नाही पाहिली. नागपूरचा पेपर आणि रेडिओ, एवढ्यावर आमचं चालायचं. मंगरूभाऊंचा माणूस रॉकी मार्सियानो. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय, आणि न हरता निवृत्त. माझा माणूस मुहम्मद अली. मी म्हणायचो, तुमच्या मार्सियानोनं जो लुईला हरवलं खरं, पण कधी? लुई उतरणीला लागल्यावर! ऐन भरातल्या लुईनं पंचवीस वेळा आपली जगज्जेत्याची पदवी राखली होती, तो कुठं भेटला याला? त्यावर भाऊ म्हणायचे, "मंग तुमचा अली पाच डाव हरला, ते काहून लपवता, दिवाणजी? हारला तो हारला!"

अंगण झाडता झाडता धुरपताबाई एकदा थांबल्या आणि म्हणाल्या, "ज्यानं मार कमी खाल्ला तो पहिला. एवढ्या गोष्टीसाठी रोज कायले बोंबलून राहिले?" त्यांचं मत आम्ही दोघांनीही फेटाळलं.

गेल्या वर्षी लॅरी होम्स अठ्ठेचाळीस लढती जिंकून एकोणपन्नासाव्या लढतीला उभा राहिला. मंगरूभाऊंचं जेवणात लक्ष नव्हतं. होम्स हरला, मार्सियानोचा आकडा वाचला, आणि सगळ्या मिलला जिलबी मिळाली. ती कशाची जिलबी होती हे पुष्कळांना आज कळत असेल! पण याच माणसानं, अली होम्सकडून हरला तेव्हा मला एका शब्दानं चिडवलं नाही. चहा पुढं केला आणि म्हणाले, "थकला होता तो. त्यानं खेळायले नोको होतं." असा हा विरोधी पक्ष.

आता थोडं अवघड बोलतो. मालक, रागावू नका.

बहात्तर साली बॉयलरचा सेफ्टी वॉल्व्ह अडकला होता. हौदात धान भिजलेलं, हंगाम भरात. आपले मोठे मालक, भैय्यालालजींचे वडील, म्हणाले, पेटव. मंगरूभाऊ म्हणाले, "नाही पेटवत. माणसं आहेत आजूबाजूले." मोठे मालक म्हणाले, मग फाटकाबाहेर हो. ते झाले. दुसऱ्यानं भट्टी पेटवली आणि थोड्याच दिवसांत वाफेची नळी फुटली. नशीब, सगळे चहाला गेले होते. वॉल्व्ह नवा आला, पण मंगरूभाऊंना बोलावणं यायला दोन वर्षं गेली. तोवर त्यांनी बाजारात पोती वाहिली. शेवटी मोठे मालक स्वतः त्यांच्या घरी गेले, हेही मी इथं सांगितलंच पाहिजे. चौऱ्याहत्तरमध्ये ते परत आले आणि त्याच वर्षी अलीनं फोरमनला पाडून आपली पदवी परत मिळवली. आमचं भांडण तिथून सुरू झालं.

मी म्हणायचो, भाऊ, अलीनं लढाईवर जायला नाही म्हटलं म्हणून त्याची पदवी काढून घेतली. ऐन उमेदीची वर्षं गेली. तरी तो परत येऊन जिंकला, हे केवढं मोठं! ते भट्टीत भुसा टाकत म्हणायचे, "नाही म्हणाची किंमत द्याच लागते. त्यात नंबर कायचा? मधात खड्डा पडला तं पडला."

मंगरूभाऊ, आज सगळ्यांसमोर विचारतो. मी इतकी वर्षं कुणाची बाजू घेऊन भांडत होतो, ते तुम्हाला खरंच कळलं नाही? मला त्या अलीचं काय पडलं होतं हो? तो काय माझ्या सोयऱ्यातला आहे?

आपल्या मिलची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याची नोकरी अखंड झाली, तो निवृत्तीच्या दिवशी स्वतः साखळी ओढून भोंगा वाजवतो. बाकीच्यांना शाल आणि नारळ. ज्या माणसानं या भोंग्याला जन्मभर वाफ पुरवली, त्याला आज शाल आणि नारळ! मी सकाळी मालकांशी बोललो. भैय्यालालजी म्हणाले, "माझी ना नाही, वडिलांनीही आज हेच केलं असतं." मालक, मी तुमचा ऋणी आहे. पण हे सत्कारमूर्ती! यांनीच नाही म्हटलं. म्हणाले, "माही नोकरी अखंड नाही, मधात खड्डा आहे. मी साखळी ओढली तं तुमचा अली खरा ठरते, अन् ते मी होऊ देत नाही."

आता अशा माणसाला काय करावं? मी दुपारभर विचार केला आणि एक ठरवलं. अध्यक्ष महाराज, पाहुणे, तुम्ही साक्षीला आहात. धुरपताबाई, तुम्हीही ऐका. रॉकी मार्सियानो एक नंबर. अली दोन नंबर. मी हरलो. यापुढं या विषयावर मी तोंड उघडणार नाही. झालं समाधान? मग उठा आता, भाऊ. वहिनी, त्यांचा हात धरा. बॉयलरवर भाऊंचा मदतनीस ईश्वर काटा चढवून वाट पाहतो आहे.

आयोजकांचे, आचाऱ्यांचे, सतरंज्या देणाऱ्या शाळेचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर त्याची माफी आत्ताच मागून ठेवतो. कारण ते उठले आहेत, आणि एकदा साखळी ओढली की माझं काहीच ऐकू येणार नाही.