स्पीकरची वायर

हसणार नसाल तर सांगते. माझी रेवा सहावीत आहे, तिला दिसत नाही. शाळेतला कॉम्प्युटर स्क्रीनवरचं बोलून दाखवतो आणि ती ते ऐकत टाइप करते. शिरूरहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. त्यांना तिचं काम पटलं, तर परीक्षेला लेखनिक न घेता ती स्वतः पेपर लिहिणार, असं ठरलं होतं. पंधरा दिवस पोरगी जेवताना ताटाच्या कडेवरसुद्धा बोटं चालवत होती.

त्या दिवशी शाळेत मी रेवाच्या शेजारीच बसले होते. साहेब आले ते कॅमेरेवाल्याला घेऊनच. रेवाच्या मागे उभे राहून 'दिव्यांग आणि डिजिटल शिक्षण' यावर बोलायला लागले. मध्येमध्ये कॉम्प्युटर आपला तिची अक्षरं सांगतोय.

हेडसर माझ्या कानाशी आले. "ओ ताई, त्येवढा आवाज बंद करा की! साहेब बोलत्यात."

एम.ए. झालेली बाई मी. मुकाट्याने स्पीकरची वायर काढली.

रेवाची बोटं तिथंच थांबली. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, मग साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. अर्धीच ओळ होती.

"अजून जमत नाही हो हिला. यंदा लेखनिकच द्या," असं म्हणून ते चहाला गेले.

घरी येताना रेवा म्हणाली, "आई, मध्येच आवाज गेला गं."

"वायर निघाली होती."

"तुला दिसलं?"

"हो."

"मग बसवली का नाहीस?"