मांडीवरची थाप

या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आमच्या आखाडा मित्रमंडळाचे आधारस्तंभ काकासाहेब, आजचे सत्कारमूर्ती, ‘रणकुंड फाईट लीग’चे संस्थापक, संचालक, निवेदक आणि अजून जे काही असेल ते सर्व असलेले श्री. शौनकराव, त्यांचे वडील, जालन्याचे नामांकित वकील केशवराव, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांचं नाव राहिलं तर ते वर्षभर मनात ठेवतील असे सगळेच, समोर बसलेले पैलवान, त्यांचे आईवडील, आणि माझ्या माताभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘एक वादळी व्यक्तिमत्त्व’ अशी करून दिली. तसं काही नाही. मी भोकरदनचा रामराव वस्ताद. तीस वर्षं यात्रांच्या कुस्त्यांत पंच होतो आणि गेली दोन वर्षं रणकुंडच्या पिंजऱ्यात पंच आहे. आज माझ्याकडे दोन कामं दिली आहेत. शौनकरावांबद्दल चार गौरवाचे शब्द बोलायचे, आणि हे समोर कापडाखाली झाकलेलं स्मृतिचिन्ह त्यांच्या हाती द्यायचं. शौनकराव आता पुण्याच्या मोठ्या लीगमध्ये चालले आहेत. मोठा माणूस मोठ्या गावी जातोच. त्याला कोण अडवणार?

गौरवाचे शब्द आधी घेतो, म्हणजे ते उरकतील.

शौनकरावांनी आपल्या जिल्ह्याला काय दिलं? पिंजरा दिला. पहिला रणकुंड आठवतो का? मंगल कार्यालयात झाला होता. जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात तिथं जाळीचा पिंजरा उभा केला होता, आणि दारावर ‘शुभविवाह’ची कमान तशीच राहून गेली होती. अर्धे लोक आहेर घेऊन आत आले. हसा, हसा, पुढं हसायला फार जागा नाही. आमच्या तालमीतल्या मातीच्या पोरांना त्यांनी मिक्स मार्शल आर्ट हा शब्द शिकवला, हलगीच्या जोडीला डीजे आणला, आणि पोरांच्या अंगात हे काळे टीशर्ट घातले. मागं काय लिहिलंय, मागच्या रांगेतल्या पोरांनो, जरा वळून दाखवा. ‘आम्ही थाप मारत नाही’. वा. बसा खाली.

ज्यांना यातलं कळत नाही त्या पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की संपलं. पिंजऱ्यात पाठ टेकली तरी लढत चालूच राहते. समोरचा तुमचा गळा आवळतो, हात उलटा ताणतो. सहन होईना झालं की हातानं थाप मारायची, समोरच्याच्या अंगावर नाहीतर गादीवर. थाप म्हणजे हरलो, आता सोड. पंचानं त्याच क्षणी मधी पडायचं आणि दोघांना सोडवायचं. बाकी सगळं बघायला पब्लिक असतं. थाप बघायला पंच असतो.

हे मला शिकवलं कसं, तेही ऐका. अर्धा दिवस. एका हॉटेलच्या हॉलमध्ये चहाबिस्कीट, पडद्यावर चित्रं, आणि परगावाहून आलेला एक शिकवणारा. त्यानं थाप दाखवली समोरच्याच्या पाठीवर, मंग गादीवर, मंग तोंडानं ओरडून. स्वतःच्या मांडीवरची थाप काही त्याच्या चित्रांत नव्हती. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, इकडं मांडीवर हात पडला की त्याला शड्डू म्हणतात! शड्डू म्हणजे ‘ये, मी अजून उभा हाये.’ आणि थाप म्हणजे ‘सोड, मी संपलो.’ आवाज मात्र एकच. मला हे ठाऊक होतं. मी विचारायला पाहिजे होतं. मी बिस्कीट खाल्लं आणि सर्टिफिकेट घेऊन घरी गेलो.

काकासाहेब, तुमची चिठ्ठी पोचली. ‘आटोपतं घ्या.’ घेतो. फक्त शाळेत शिकलेली भाषा मला पाच मिनिटंच पुरते, पुढं भोकरदन सुरू होतं, तेवढं सांभाळून घ्या.

तर साडेचार महिन्यांमागं रणकुंड चार झाला. तुम्ही सगळे व्हते. शेवटची लढत आपल्या कल्याणची. कल्याण आष्टीचा, पण सहा वर्षं माझ्या तालमीत राह्यला, माझ्या हाताखाली वाढला. तिसऱ्या रांगेत बसलाय बघा, शेजारी त्याची माय नंदाबाई. समोरच्यानं त्याला खाली घेतलं, त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही मांड्यांत धरला आणि उलटा ताणला. एक पाय कल्याणच्या गळ्यावर, दुसरा छातीवर. डावा हात कोपरापर्यंत त्या पायाखाली दबलेला. गादीपर्यंत पोचंना, समोरच्याच्या अंगापर्यंत पोचंना. तोंडात ते रबराचं कवच. हात पोचत व्हता फक्त स्वतःच्या मांडीवर.

त्यानं मारली. एकदा, दोनदा, तीनदा.

तुम्ही काय केलं? सगळं सभागृह उठलं. शिट्ट्या. हलगीवाल्यानं चाल वाढवली. शौनकराव माईकवर ओरडले, ‘शड्डू! बघा, शड्डू ठोकला!’ आणि पंचानं काय केलं? खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. छाती फुगली. वाटलं, माझा पठ्ठा! कमरेवर हात ठेवून मी तिथंच उभा राह्यलो. चार पावलांवर. मंग आवाज आला. उसाचं कांडं मोडतं ना, तसा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्तो. कल्याण भिंतीकडं तोंड करून पडला व्हता. म्हणला, ‘वस्ताद, मी थाप मारली व्हती. तुम्ही बघून राह्यले व्हते.’ एवढंच. मी बाहेर आलो. दारात शौनकराव उभे. मी म्हणलं, ‘साहेब, चूक झाली, ती थाप व्हती. जाहीर करा, पंच चुकला म्हणा, माझं नाव घ्या.’ शौनकरावांनी काय केलं ठाऊक? माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणले, ‘वस्ताद, बिलकुल नाही. थाप म्हटलं तर तो हरलेला आणि तुम्ही आंधळे. शड्डू म्हटलं तर तो वाघ आणि तुम्ही वाघाचे वस्ताद. त्याची इज्जत कशात आहे, तुम्हीच सांगा.’

मी काय केलं? मीही स्वतःची समजूत घातली, की दुखण्यात पोरगं काहीतरी बोलून गेलं असेल. माणूस स्वतःला फार सोईनं ऐकतो.

त्याच संध्याकाळी शौनकरावांनी व्हिडिओ काढला. त्यात फक्त कल्याणचा हात, मांडी आणि तुमच्या शिट्ट्या. ‘हात मोडला, शड्डू सोडला न्हाई.’ लाखो लोकांनी बघितला. मंग हे टीशर्ट आले. आष्टीत त्याची मिरवणूक निघाली, गळ्यातल्या झोळीत हात, डोक्यावर फेटा. तो का बोलला न्हाई म्हणता? सगळं गाव गुलाल उधळून राह्यलं असताना त्यानं काय म्हणायचं, की थांबा, मी तर ‘सोड’ म्हणत व्हतो? आज त्याचा उजवा हात सरळ व्हत न्हाई. मोटारसायकलची रेस पिळता येत न्हाई. माय आणि लेक आज एसटीनं आल्ते. शौनकराव, तुमच्या गाडीत जागा व्हती ना? तुम्ही आष्टीवरूनच आल्ते म्हणे, मिरवणूक निघाली त्या रस्त्याची अजून थोडी शूटिंग करून.

माईकचा आवाज कमी झाला. कुणी केला? करा, बंदच करा. तीस वर्षं हलगीच्या वर आवाज काढलाय मी, मला माईक लागत न्हाई. केशवराव, तुम्ही उठू नका. तुम्ही वकील, साक्ष अर्ध्यावर सोडून जाता येत न्हाई हे तुम्हाला ठाऊक. आणि इथं साक्षीदार आणि आरोपी एकच हाये, काम जल्दी संपंल.

तुम्ही म्हणाल, रामराव, साडेचार महिने गप्प बसला, आज निरोपाच्या दिवशीच उकळी का फुटली? दोन कारणं हायेत.

पहिलं कारण दैवशाला. उभी राहा, पोरी. ही माझ्या तालमीतली, वीस वर्षांची. येत्या रविवारी रणकुंड पाचमध्ये हिची पहिली लढत. पंधरा दिवसांमागं सरावात जोडीदारणीनं हिचा गळा आवळला. हात मोकळे व्हते, दोन्ही. हिनं थाप मारली न्हाई. बेशुद्ध पडली. तोंडावर पाणी मारलं, पाय चोळले, डोळे उघडले तेव्हा मी ओरडलो, ‘थाप का न्हाई मारली गं?’ म्हणली, ‘वस्ताद, कल्याणदादानं हात मोडला तरी न्हाई मारली. मी कशी मारू?’

त्या वेळी तिच्या अंगात हाच टीशर्ट व्हता. ‘आम्ही थाप मारत नाही.’ शौनकराव, तुमच्या आख्ख्या लीगमधली सगळ्यात मोठी थाप तुम्ही पोरांच्या पाठीवर छापली आणि ती पोरं छाती काढून घालून हिंडतात!

दुसरं कारण हे कापडाखाली हाये. स्मृतिचिन्ह आणायचं काम माझ्याकडंच व्हतं. आज दुपारी मस्तगडातल्या फोटोवाल्याकडून फ्रेम घेतली. त्याच क्षणाचा फोटो, भला मोठा, खाली पितळी पट्टी, ‘शड्डू’. व्हिडिओत तुम्ही हातापुरतं कापलं व्हतं. फोटोवाल्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं न्हाई, त्यानं आख्खा फोटो मोठा केला. दुकानाच्या पायरीवर बसून मी तो बघितला. घ्या, काढतो कापड. पुढच्या रांगांना दिसेल, मागच्यांना मी सांगतो.

हात बघू नका. सगळ्या जालन्यानं हातच बघितला. डोळे बघा. मी हजारो शड्डू बघितलेत. शड्डू ठोकणारा कुणाकडं बघतो? समोरच्याकडं. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून ठोकतो, त्याशिवाय तो शड्डूच न्हाई. आता कल्याणचे डोळे बघा. गळ्यावर पाय हाये, मान वळत न्हाई, तरी डोळे पार कोपऱ्यात गेलेत. समोरचा तिकडं न्हाई. पब्लिक तिकडं न्हाई. तिकडं, फोटोच्या कडेला, एक काळी पँट दिसते आणि कमरेवर ठेवलेला एक हात.

तो माझ्याकडं बघून राह्यला व्हता.

शौनकराव, मी ही फ्रेम तुमच्या हातात देणार न्हाई. पुण्याच्या हपिसात ही भिंतीवर लागायची न्हाई. तुम्हाला जायचं तर खुशाल जा, पण जाण्याआधी या माईकवरून दोन वाक्यं म्हणा. ‘ती थाप होती. आम्ही खोटं बोललो.’ बस. सगळं सभागृह थांबलंय. म्हणता?

मोबाईलमध्ये बघून राह्यले. बराबर हाये. सवय न्हाई ना. मंग राहू द्या, मीच म्हणतो, माझी लढत हाये ती. ती थाप व्हती. कल्याण हरला व्हता, आणि नियमानं हरला व्हता, त्यात त्याला कसलीच लाज न्हाई. पंच चुकला. पंचाचं नाव रामराव. त्यानंतर पंच साडेचार महिने गप्प बसला, ती चूक न्हाई, तो भेकडपणा. रविवारी पिंजऱ्यात पंच दुसरा बघा. पण जाळीच्या बाहेर मी उभा राहीन. दैवशाला, हात जिथं पोचंल तिथं मार, पोरी. मांडीवर मार, जाळीवर मार, हवेत मार. पंचानं न्हाई बघितली तर जाळी तोडून मी आत येतो.

आता रीत. काकासाहेबांनी बोलायला उभं केलं, त्यांचे आभार, आता ते परत कधी करणार न्हाईत. शिट्ट्या वाजवणाऱ्यांनी आज एवढा वेळ गप्प ऐकून घेतलं, तुमचे आभार. बोलण्याच्या भरात व्यासपीठावरच्या कुणाचं मन दुखलं असेल, तर ते दुखावंच या हिशेबानं बोललो, त्याची क्षमा मागत न्हाई. क्षमा मागायची ती एकाचीच, आणि ती तोंडानं मागायला मला जमत न्हाई.

म्हणून, कल्याण, इकडं बघ. आज पंच तू हायेस. या टेबलावर मी हात मारतोय. मोज.

एक. दोन. तीन.

हा शड्डू न्हाई, बाबा.