चौदा किलोचे झाकण

नाव : ओळखपत्राप्रमाणे, प्रत सोबत जोडली आहे. धक्क्यावर मला बर्फाक्का म्हणतात. वय : चोपन्न वर्षे. धंदा : बोटींवरचे फ्रिज व शीतपेट्या बसवणे, दुरुस्त करणे, तपासणे. राहणार : धक्क्यामागची दुसरी गल्ली, बर्फ कारखान्याला लागून, तळमजला.

बोलावणे येण्याआधी, स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर राहते. सोबत माझा धाकटा भाऊ राहतो. तो तीन आठवड्यांपूर्वी पलीकडच्या किनाऱ्यावरून माझ्याकडे आला. पूर्वी माझी खोली दुसऱ्या मजल्यावर होती. त्याला आता जिना चढता येत नाही, म्हणून बदलली.

लाँचमालकांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, मी त्यांच्या लाँचवरील शीतपेटीचे झाकण चोरले. झाकण मी नेले, हे मला मान्य आहे. मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, भरल्या धक्क्यावर, उतारूंच्या देखत डोक्यावर घेऊन मी ते उतरवले. चोर असे वाजतगाजत जात नाहीत. ते झाकण मी आज बरोबर आणले असून ठाणे अंमलदारांच्या टेबलाशेजारी उभे करून ठेवले आहे.

ही लाँच दर मंगळवारी निघते आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या धक्क्यांवर दवाखान्याची फेरी करते. सोबत उतारूही घेते. दवाखान्याच्या सिस्टर लाँचवरच असतात. इन्सुलिन व लहान मुलांच्या लशी त्या पेटीत राहतात. पलीकडे विजेचा भरवसा नाही, त्यामुळे साठा दोन-दोन महिने पेटीतच असतो. पेटीतले तापमान दोन अंशांच्या खाली जाता कामा नये आणि आठच्या वर चढता कामा नये. महिन्यातून एकदा मी पेटी तपासते आणि 'सुस्थितीत आहे' या कागदावर सही करते. सहीशिवाय औषधे चढवत नाहीत.

पेटी पाच वर्षांपूर्वी मीच बसवली. मालकांना घरातल्यासारखा उभ्या दाराचा, चकचकीत फ्रिज हवा होता. मी नको म्हणाले. उभे दार उघडले की आतली गार हवा पायांवर सांडते आणि बाहेरची दमट हवा आत शिरून बर्फ होऊन बसते. बोट डुलली की दार आपोआप उघडते ते वेगळेच. म्हणून वरून उघडणारी पेटी केली. चारही बाजूंना, तळाला आणि झाकणात चार-चार इंच फोम घातला. यंत्र लहान ठेवले, पण त्याला डेकवरून ताजी हवा दिली आणि बॅटरीपासून जाड तांब्याची तार ओढली. यंत्र गार करते, पण गार राखते ती पेटी. आपल्याकडच्या उकाड्यात हे ज्याला कळत नाही, तो दर वर्षी मोठे यंत्र घेतो आणि दर वर्षी फसतो.

हवालदारांनी येथे मला भाषण करू नका असे सांगितले. ही सूचनाही जबाबात घ्यावी, अशी माझी मागणी आहे.

गेल्या वर्षी मालकांनी मला न विचारता त्या झाकणावर काळ्या रेक्झिनची गादी बसवली. पेटी गुडघ्याएवढी उंच, वर सपाट. उतारू तिच्यावर बसत असतच. मालकांना वाटले, बसतातच तर मऊ बसू देत. सुताराने आठ स्क्रू वरून आरपार फोमात मारले. मी विचारले तेव्हा मालक म्हणाले, "अहो अक्का, फ्रिज तो फ्रिज आणि वर तीन माणसांची सोय. तुम्हाला कौतुक नाही कशाचं." मी स्क्रूंच्या भोकांना सील भरा म्हणाले. ते हो म्हणाले. मी पुन्हा विचारले नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी तपासणीला गेले. पेटी रिकामी होती. चालू साठा सिस्टरनी फेरीवरून आल्यावर किनाऱ्यावरच्या दवाखान्यात ठेवला होता आणि नवा अकरा वाजता चढणार होता. एरवी झाकण लाँच चालवणारा तांडेल उचलतो. पाच वर्षे तोच उचलत आला. "अक्का, तुमची पाठ, राहू द्या," असे म्हणतो आणि मी वाकून आत बघते. त्या दिवशी दोर लागून त्याचे मनगट मुरगळले होते, त्यावर पट्टी होती. म्हणून झाकण मी उचलले.

ते मला एका हाताने उचलवले नाही.

मी बनवले तेव्हा ते पाच किलोंचे होते. नंतर लाँचवरून उतरवल्यावर, गादी काढून मी ते बर्फ कारखान्याच्या काट्यावर ठेवले, ते चौदा किलो भरले. काट्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. वरचे नऊ किलो पाणी आहे. आठ भोकांतून दमट हवा आत जाते, गार फोमात तिचे पाणी होते, आणि ते बाहेर येत नाही. ओला फोम ऊन अडवत नाही. शिवाय माणसे बसून बसून कडेचे रबर चेपले होते. झाकणाखाली कागदाची पट्टी ठेवून ओढली, ती सुळकन बाहेर आली. घट्ट झाकणात ती फाटली पाहिजे.

झाकण परत बसवून मी पाण्याचे दोन पेले आत ठेवले, एक तळाला, एक वरच्या टोपलीत, आणि दोन्हींत थर्मामीटर सोडले. यंत्र चालूच होते. ते थांबतच नव्हते, हे त्याच दिवशी माझ्या लक्षात आले. तीन तासांनी पाहिले. तळाचा पेला चार अंश. टोपलीतला एकवीस, आणि अजून बारा वाजायचे होते. औषधे टोपलीतच राहतात, कारण तळाला गार करणाऱ्या प्लेटला लागून ती गोठतात. पेटीचा नेहमीचा थर्मामीटर तळाला टांगलेला आहे. तांडेल रोज चार लिहीत होता आणि तो खरेच लिहीत होता. त्याला यात ओढू नये.

मालकांना मी पेले दाखवले. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात झाकण बदलू. आज सही करा, उतारू खोळंबलेत." मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "पाच वर्षं सही करताय, आजच काय अंगात आलंय?" मी म्हणाले, "आज झाकण मी उचललं." ते म्हणाले, "तुम्ही नाही केली तर दुसरा करेल. धक्क्यावर तुम्ही एकट्याच शहाण्या आहात का?"

दुसरा करेल, हे मला पटले. म्हणून मी झाकण घेऊन उतरले. झाकण नसलेल्या पेटीवर कोणी सही करू शकत नाही.

पलीकडचे रुग्ण माझ्यामुळे औषधावाचून राहिले, असे तक्रारीत लिहिले आहे. ते खोटे आहे. बर्फ कारखान्यातून बर्फाच्या बाटल्या आणून, जाड कापडात गुंडाळून, त्या व नवा साठा मी आणि सिस्टरनी थर्मोकोलच्या खोक्यात भरला. लाँच पाऊण तास उशिरा सुटली. खोके तांडेलाने सावलीत, स्वतःच्या पायांशी ठेवले आणि कोणाला त्यावर बसू दिले नाही. पहिल्या तीन धक्क्यांवर औषधे पाच-सहा अंशांवर उतरली, तसा सिस्टरचा फोन आला. जुना साठा त्यांनी देणे बंद केले असून तो कुलपात ठेवला आहे. तो आपण ताब्यात घ्यावा.

मागील तपासण्यांबद्दल विचारले असता सांगते की, गादी बसल्यापासून अकरा महिने झाले. त्या अकराही कागदांवर सही माझी आहे. कोणी दडपण आणले नव्हते. मी यंत्र ब्रशने साफ केले, तारा पाहिल्या, तळाचा चार अंश पाहिला आणि सही केली. झाकण उचलले नाही. मालकांनी गादी बसवली ही त्यांची चूक. मी हात लावला नाही ही माझी. तक्रारीत तिचा उल्लेख नाही, म्हणून तो मी येथे करते आणि अकरा कागदांच्या प्रती देते. चोरीचा गुन्हा नोंदवायचा असेल तर खुशाल नोंदवा. पण या कागदांना आधी नोंदीचा क्रमांक द्या. तो मिळेपर्यंत मी या बाकावरून उठणार नाही.

भाऊ कोणत्या दवाखान्याचे औषध घेत होता, असे विचारले असता सांगते की, याच लाँचवरचे इन्सुलिन, दोन वर्षे. त्याचा पाय कशाने गेला हे विचारले असता सांगते की, ते डॉक्टर सांगतील. मी फ्रिजचे काम करते. एका पेटीवरून मला काही सिद्ध करता येणार नाही, हे मला समजते. झाकणाबद्दल त्याला काय सांगितले, असे विचारले असता, अजून काही सांगितलेले नाही. मंगळवारपासून मी त्याच्यासमोर जेवायला बसलेली नाही.

झाकण परत देणार का, असे विचारले असता सांगते की, ते मालकांचेच आहे. त्यांनी येथे येऊन एका हाताने उचलावे आणि न्यावे. हवालदारांनी ते आत्ता एका हाताने उचलून पाहिले आणि दुसरा हात लावला. हे लिहिण्यास ते तयार नव्हते. माझ्या आग्रहावरून लिहिले आहे.

माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला, तो बरोबर आहे. "ऐकलात ना, मग करा सही," असे हवालदार म्हणाले. मी कागद हातात मागून घेतला, पहिल्या ओळीपासून स्वतः वाचला, आणि मग खाली सही केली.