एका स्लीपिंग बॅगसाठी हँगर

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढच्या बाईंनी दोन वाकलेले लोखंडी हँगर काउंटरवर ठेवले. दुकानदाराने ते उचलून पाहिले.

“हा वीस किलोचा, हा चाळीसचा. दोन्ही माझ्याकडचेच. घरी हत्ती टांगता की काय, ताई?”

“स्लीपिंग बॅग टांगते. एकच.”

“ती फार तर दोन किलो भरेल. सोबत तंबू, बूट, सॅक?”

“ते सगळं दुसऱ्या हुकांवर आहे. त्यांना काही झालेलं नाही. आमचे हे म्हणायचे, स्लीपिंग बॅग गुंडाळून ठेवायची नाही, आतली पिसं दबतात. चेन उघडी ठेवून मोकळी टांगायची. म्हणून तशीच टांगते.”

“साहेबांनाच पाठवा ना. भिंत बघून सांगतील.”

“ते डोंगरावरून आले नाहीत, दादा. सामान तेवढं सापडलं.”

“अरेरे. माफ करा हं. मग बॅग ओली राहिली असेल. पाण्याने वजन वाढतं.”

“दोन वर्षं झाली. कोरडी खडखडीत आहे. रात्री उघडी ठेवलेली चेन सकाळी लावलेली असते, एवढंच.”

“...किती किलोचा देऊ?”

“बहात्तरचा आहे?”

“असा नेमका नसतो. बहात्तरच का?”

“जाण्याआधी त्यांचं वजन तेवढं भरलं होतं.”

“पंचाहत्तरचा आहे. नाहीतर मग थेट शंभरचा.”

“शंभरचाच द्या. लेक कालपासून म्हणतेय, आत अजून एकाला जागा आहे.”