दारापर्यंत न गेलेला कठडा

नाही, नवा नाही हा — दोन हजार तेराचा उन्हाळा, मे महिना सरत आलेला, तेव्हा लावला मी हा कठडा. हात फिरवून बघा. फिरवा हो, चावत नाही तो. लागला कुठे सांधा हाताला? नाही लागणार. पलंगापासून निघतो, न्हाणीघर, स्वयंपाकघर, मागचं अंगण, परत पलंग. दोन्ही अंगांना. दोन्ही का? अहो, मुलाची डावी बाजू लुळी. जाताना कठडा उजव्या हाताला असला, तर येताना तोच डावीकडे येणार. तुमच्या बायकोची कुठली बाजू? बघा, म्हणजे तुम्हालाही दोन्हीकडे लागेल. बसा त्या स्टुलावर, ही पुढची खोली म्हणजेच माझं सुतारकामाचं दुकान. मी दाराशीच उभा राहतो, उजेड बरा आहे इथे.

मुलगा बसवर कंडक्टर होता. चालत्या गाडीत कशालाही न धरता तिकिटं फाडायचा, असा ताठ — आणि एका वळणावर दारातून बाहेर फेकला गेला. डोकं फुटपाथच्या कडेवर. तीन आठवडे डोळे मिटलेले. मग उघडले. लोक म्हणाले, सुटलात. सुटतोय कसला. मेंदूचा मार हाडासारखा नसतो, हाड जोडलं की जोडलं. यात माणूस उठतो, बोलतो, तुमची खोडी काढतो, पाय तेवढे सांगितलेलं ऐकत नाहीत. डाव्या पायातली चप्पल निसटली तरी त्याला पत्ता नसतो. वळायचं झालं की आख्खा कलंडतो. तुमच्याकडे किती झाले, आठ महिने? हं. म्हणजे आता पाहुणे यायचे बंद झाले असतील.

काही नाही, रस्ता बघतोय. तुम्ही बसा.

तर हा कठडा झाला तेव्हा आळीतली माणसं बघायला आली होती. मीही छाती काढून दाखवत होतो. बापाने मुलासाठी काय केलं बघा — तोंडाने नाही म्हटलं, पण म्हटल्यासारखंच. मग यंदा ती व्यायाम शिकवणारी बाई यायला लागली, हॉस्पिटलातली. माझ्या नातीच्या वयाची असेल. तिनेही तुमच्यासारखाच हात फिरवला. म्हणाली, "आजोबा, काम सुरेख आहे, पण हा पुढच्या दारापर्यंत का नाही गेला?" मी म्हटलं, त्या भिंतीला ओल आहे, स्क्रू धरत नाही. ती उठली, भिंतीपाशी गेली, बोटाने ठोकून पाहिलं. भिंत ठणठणीत कोरडी. आणि हा पलंगावरून हसतोय — "ताई, बाबांना विचारा, बसवाल्याला रुळावर का ठेवलंय म्हणून."

तिचं म्हणणं, हा घरात चालतो ते चालणं नव्हे, ते लोंबकळणं. मी विचारलं, इतक्या वर्षांनी पाय शिकतात का? म्हणाली, शिकतात, थोडं थोडं, सावकाश, पण त्यांना रस्ता लागतो, खड्डे लागतात, समोरून येणारी माणसं लागतात. म्हणून तुम्हाला सांगतो, तुमचा कठडा मी करीन, पण सलग नाही. मधे हातभर मोकळं, मग पुन्हा कठडा. आणि सुरुवात पुढच्या दारापासून. पटत असेल तर सांगा, नाहीतर दुसरा सुतार बघा.

आज तो न्हाव्याकडे गेलाय. एकटा. कोपऱ्यावरून वळलं की लगेच दुकान, लांब नाही — पण बराच वेळ झाला. सकाळी म्हणाला, "बाबा, चला बरोबर. हात धरू नका, नुसते चला." मी म्हटलं, गिऱ्हाईक येणार आहे. तुम्ही येणार हे मला कुठे ठाऊक होतं? ही फळी बघा, सकाळपासून हिलाच रंधा मारतोय. दाराला घेतली होती, आता खोक्याच्या झाकणालाही पुरायची नाही.

पडायची भीती? छे. पडलेला उचललाय मी त्याला, कैक वेळा. पडण्याचं काही नाही. ते समोर गॅरेजच्या बाकड्यावर बसलेत ना तिघे-चौघे — वळून बघू नका. हा चालतो कसा, पाय फाकवून, झोकांड्या देत. ते आळीत नंतर आलेले, त्यांना हा ठाऊकच नाही, इतकी वर्षं घरात. मागच्या महिन्यात बाई त्याला पायरीवर उभं राहायला शिकवायची, ती गेल्यावरही हा उभा राहायचा. तर त्यातल्या एकाने मला विचारलं, "मिस्त्री, तो बेवडा तुमच्या पायरीवर काय करत असतो?" मी काय म्हणालो असेन? — असेल कोणी, म्हणालो. असेल कोणी. आणि हा मागे दारात. कान शाबूत आहेत त्याचे. रात्री जेवताना नेहमीसारखा बोलला, पाणी मागितलं, सगळं केलं. एवढं एक सोडून सगळं बोलला.

भिंतीला ओल कधीच नव्हती हो. मला तो रस्त्यावर दिसायला नको होता, बाकी काही नाही. कशाला बोललो हे तुमच्याशी, तुम्ही माप द्यायला आलात.

आला. तो खांबाला धरून उभा आहे तो. केस बारीक केलेत. चप्पल मागे राहिली, बघा, कळलंच नाही त्याला. आणि ते हसले — ऐकलंत तुम्ही? नाही, उठू नका, तुमचं काम नाही ते. रंधा धरा हा.

— हो, तुम्हालाच, बाकड्यावरच्यांना. मागच्या महिन्यात मला विचारलं होतंत, उत्तर द्यायचं राहिलं. तो माझा मुलगा आहे. डोक्याला मार लागलाय, प्यालेला नाही. आता पाय आत घ्या, आम्हाला इथून चालायचंय.

— थांब तिथेच, चप्पल आणतो. नाही धरत हात. नुसता चालतो.

— तुम्ही अजून इथेच? दुकान बंद आता. उद्या बायकोला घेऊन या, माप तिचं लागतं.